बाकीचं उद्या

२६ फेब्रु. २०१७, रविवार
आज शेठने पेंढ्याचा खड्डा उघडला. एकवीस दिवस प्लास्टिकखाली दाबलेला. वास असा की डोळ्यांत पाणी. वाऱ्यावर पसरला, मग म्हशी तुटून पडल्या. त्यात काय, तर शेतातला साधा युरिया, पाण्यात विरघळवून शिंपडलेला. खड्डा परत भरताना शेठ ओरडत होते, "ढांकवानुं भूलतो नहीं!" झाकायला विसरू नको म्हणे. प्लास्टिकला भोक दिसलं तरी शिव्या.
सायवनला आमच्या पाड्यावर भाताचा पेंढा ढिगाने, आणि उन्हाळ्यात तांब्या-बांड्या, आमच्या दोन्ही बैलांच्या बरगड्या मोजून घ्या. घरी माझ्या बाला सांगायला पाहिजे. चौथीत शाळा सोडली तेव्हापासून बाला शिकवण्यासारखं पहिल्यांदा काहीतरी मिळालं.

२७ फेब्रु.
फोन केला. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, चाळीस लिटर पाणी. थर लाव, शिंपड, पायाने तुडव. बा एकेक मोठ्याने म्हणत होता, बहीण सुनी वहीत लिहीत होती. बा म्हणाला, "मेहसाण्याला म्हशी राखतोस का डॉक्टर झालास रे?" खूश होता. तेवढ्यात पोरं हाका मारायला लागली, मॅच होती. म्हटलं, बाकीचं उद्या सांगतो.
तीस रन केले. नॉट आऊट.

२८ फेब्रु.
बाचे दोन मिस कॉल. त्याच्याकडे बॅलन्स नसतो, मिस देतो आणि वाट बघत बसतो. सेमी फायनल. नंतर करतो.

१ मार्च
परत मिस. म्हैस अडली होती, दुपारपर्यंत तिच्यापाशी. मग फायनल. हरलो. राहूनच गेलं.

२ मार्च
सुनीचा फोन. रडत होती. तांब्या थरथरतोय, पोट फुगलंय, तोंडाला फेस. काय खाल्लं? "तूच सांगितलेला पेंढा, दादा. खालचा ओला." बांड्याने वासामुळे तोंड लावलं नाही, तांब्या अधाशी.
शेठकडे पळालो. म्हणाले, व्हिनेगर आणि गार पाणी पाज. सुनीला सांगितलं. ती म्हणते, "ते काय असतं?"
फोन कटला. आंबलेली ताडी चालली असती का? पाड्यावर कुणाकडेही मिळाली असती. सुचलं तेव्हा फोन लागेना.

३ मार्च
तांब्या गेला. जनावरांचे डॉक्टर आले तोवर आडवा झाला होता. म्हणाले, झाकून एकवीस दिवस ठेवायचं असतं, कुणी सांगितलं नाही?
बा कुठे, विचारलं. सुनी म्हणाली, बांड्याला पाणी पाजतोय.
दोन दिवस वाट बघून पेंढा घातला त्याने. माझ्या फोनची.

१२ मार्च
होळी. शेठ म्हणाले, जा. घरी कळवलं, सुट्टी नाही. इथेच शेण काढलं.

९ एप्रिल
आईचा फोन. बा कुणात बसत नाही. "सगळ्यांना म्हणतो, पोऱ्याने बरोबर सांगितलं होतं, मीच अडाणी." मी बोलणार होतो. तोंडातून आलं, "जेवलीस का?" सकाळचे नऊ वाजले होते.

१८ मे
आलो. तलासरीला हायवेवर उतरून जीपने घरी. बांड्या एकटा बांधलेला. शेजारचे जान्याकाका, त्यांच्याकडेही एकच बैल. दोघांची जोडी करून नांगरायचं ठरलंय. जुंपून बघितलं, पण त्यांचा बैल बुटका, जू एका अंगाला कलतं. बांड्याच्या मानेवर आत्ताच वळ.
जान्याकाका हसत म्हणाले, "काय डॉक्टर, या वेळी काय चारता?"
मी काही बोलायच्या आत बा म्हणाला, "त्याला नको बोलू. एकवीस दिवस झाक म्हणाला होता. मीच घाई केली."
दोरी वळत होता. मान वर केली नाही.
एकवीस हा शब्द मी फोनवर काढलाच नव्हता.

१९ मे
सुनीची वही बघितली. चार किलो. चाळीस लिटर. थर. तुडव. खाली तिच्या अक्षरात, बाकीचं उद्या. पुढचं पान कोरं. बाला वाचता येत नाही, पण ऐकलेलं तो विसरत नाही. कुठल्या बाजारात कुठला बैल किती दातांचा होता ते सांगतो.
मग खोटं कुणासाठी बोलला?

२० मे
सकाळी बाने उरलेला कोरडा पेंढा अंगणात ओढला. "चल, बांड्यासाठी घालू. या वेळी तू उभा राहून सांग."
चार, चाळीस, थर. दोघांनी तुडवला. मग मी सांगितलं, प्लास्टिक टाक, कडेने माती दाब, एकवीस दिवस हात लावू नको, मग वाऱ्यावर पसरून थोडा थोडा. बा मान हलवत ऐकत होता, पहिल्यांदाच ऐकावं तसा. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. तो म्हणाला, "तिकडून माती आण."
उद्या मेहसाण्याला परत. ढीग मृगाच्या आसपास उघडेल, मी तिकडे असेन.
म्हटलं, उघडायच्या आधी मला विचार.
बा म्हणाला, "मिस देईन."