बंधाऱ्यामागचा लाल तुकडा

आबा, ऑफिसात बसल्याबसल्या आपली नदी हरवली. तुम्हाला सोडून हे कुणाला सांगू?

मी काय काम करते ते तुम्ही गेल्यावर ठरलं, म्हणून आधी तेच सांगते. आकाशात फिरणारा उपग्रह आपल्या जमिनीचे फोटो काढतो आणि आम्ही पुण्यात कॉम्प्युटरपुढं बसून कुठं ऊस, कुठं माळ, कुठं पाणी ते ओळखतो. त्या फोटोत हिरवं लाल दिसतं. हसू नका. जिवंत पान डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश परत फेकतं, तो फोटोत लाल रंगानं दाखवायची रीत आहे. ऊस लालभडक, नांगरलेलं रान करडं, पाणी काळं. शिरूर आणि दौंडच्या मधून भीमा काजळाची रेघ ओढल्यासारखी दिसायला हवी. वरच्या अंगानं ती तशी नीट येते आणि आपल्या वडगावापाशी, बंधाऱ्याच्या मागं, गायब होते. तिथं सगळं लालच लाल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारून म्हटलं, "बघा आमचं गाव, कसं भरलंय!" मग बंधारा कुठं आहे ते त्यांना दाखवायला गेले आणि हात तिथंच थांबला. ऊस कुठला! नदीवर पसरलेली जलपर्णी होती ती.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी शाळेत होते. जांभळी फुलं होती. मी ओंजळभर तोडून आणली, आईनं ती तांब्यात ठेवली, आणि तुम्ही बाजेवर बसून म्हणालात, "पाव्हणं आलंय. एक पूर आला की जाईल दौंडच्या पार." कसलं जातंय! बंधाऱ्यानं पाणी अडलं, वरच्या शहरांचं सांडपाणी त्यात साचलं, आणि ते खाऊन ती माजली. ज्या शहरात मी पोट भरते त्याचंही आलंच त्यात. मग मोटर पाणी ओढेना. पाइपच्या टोकाची जाळी, जिला आपल्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात, तिच्यात मुळ्या अडकायच्या. मोटर नुसती गुरगुरायची आणि तुम्ही सदरा-टोपी माझ्या हातात देऊन नदीत उतरायचात.

मी काठावर बसलेय. टोपी मांडीवर. तुम्ही छातीएवढ्या हिरव्यात उभे आहात, दोन्ही हातांनी ते बाजूला सारताय आणि सारलेलं मागून लगेच मिटतंय. मला वाटतं आपणही मदत करावी, म्हणून एक पाय पाण्यात घालते. "वर सर! परत पाय घातलास तर तंगडं मोडीन!" असे ओरडता की पलीकडचे बगळे उडतात. मी रडत घरी येते. संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी बसून पायांना करंजाचं तेल चोळताय, सगळं अंग खाजतंय, आणि आई भाकरी थापता थापता म्हणतेय, "त्यो नदीचा घाण वास घिऊन हितं बसू नगा, आदी अंघूळ करा." तुम्ही दौंडच्या बाजारातून आणलेली रंगीत पेन्सिलींची पेटी माझ्यापुढं सरकवता आणि पुन्हा तेल चोळायला लागता. त्या पेटीतली हिरवी पेन्सिल सगळ्यांत आधी संपली.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होते. दुपारी लाईट आली म्हणून तुम्ही मोटर चालू केलीत, पाणी येईना म्हणून उतरलात. धाकटा भाऊ काठावर होता. दौंडहून जीपनं मी पोचले तेव्हा लोक तुम्हाला शोधायला गळ टाकून, विळ्यांनी कापून ती जलपर्णी ओढत होते. ओढली की पुन्हा मिटायची. इतकं सपाट, इतकं हिरवंगार, की परका माणूस त्यावरून चालत गेला असता. मला त्या हिरव्याचा असा संताप आला, आबा, की तो अजून उतरलेला नाही.

आणि आता आमच्या अहवालात वाक्य लिहून तयार होतं: तालुक्यातलं हिरवं आच्छादन वाढलं आहे. त्या वाढीत तो तुकडाही धरला होता. मी साहेबांकडं गेले. म्हटलं, ही नदी आहे. ते म्हणाले, "अहो, पान ते पान. कॉम्प्युटरला उसाचं काय अन् जलपर्णीचं काय!" साहेब वाईट नाहीत, घाईत असतात. मी म्हटलं, "सर, अहवाल पाटबंधाऱ्याच्या लोकांकडं जाणार. हिरवं वाढलं म्हणून सांगितलं तर ते काढायला कोण येईल?" माझा आवाज चढला होता, कारण धाकटा अजून तिथंच उतरतो. कमरेला दोर बांध म्हटलं तर फोनवर हसतो: "आक्का, दोर धराया दुसरा माणूस कुठनं आणू? पोरं समदी रांजणगावला, कंपनीत." साहेबांनी स्क्रीनवर तो तुकडा मोठा करून बघितला. मग म्हणाले, "ठीक आहे, वेगळी काढून दाखवा. पण खात्रीचा नमुना लागेल."

नमुना म्हणजे असं, की कॉम्प्युटरला जलपर्णी ठाऊक नसते. आपल्याला पक्का माहीत असलेला एक तुकडा कुंपण घातल्यासारखा आखून द्यायचा आणि सांगायचं, याच्यासारखं जिथं जिथं आहे ते शोध. मला पक्का माहीत असलेला तुकडा एकच होता. मी त्याच्याभोवती रेघ ओढली. साहेबांनी विचारलं, "इथं जलपर्णीच आहे, एवढं कशावरून?" मी म्हटलं, "माझं गाव आहे, सर."

अहवालात आता नदी नदी म्हणून आहे, झाकलेली. ती मोकळी करायला अजून कुणी फिरकलेलं नाही. धाकट्याला कळवलं तर म्हणाला, "मंग आता मोटर पानी वडंल का?" हे पत्र गावी नेणार नाही. त्याच्या हाती लागलं तर उतरताना त्याचे पाय कापतील, आणि त्या चिखलात पाय कापून चालत नाही.

एक राहिलंच. नमुन्याला काहीतरी नाव द्यावं लागतं, त्याशिवाय कॉम्प्युटर पुढं सरकत नाही. साहेब चहाला गेले होते. मी 'आबा' असं नाव दिलं. थोड्या वेळानं कॉम्प्युटरनं शोधून पिवळ्या रंगात दाखवलं: बंधाऱ्यामागं आबा, खालच्या वळणावर आबा, त्याच्या पुढच्या गावाला आबा, पार दौंडपर्यंत नदीभर आबा. मी बघत बसले. मग जिन्यात साहेबांचा आवाज आला, तसं घाईघाईनं ते नाव खोडून जलपर्णी केलं. आईला हे सांगितलेलं नाही.