अंधारातली प्लेट

३ मार्च
दुसरी प्लेट फॉइलमध्ये गुंडाळत होते, तेवढ्यात झुंबरबाई पोछा घेऊन थेट अंधाऱ्या खोलीत शिरली. "नवीन ताई, डबा बांधताय व्हय?" हसूच आलं. देवळ्याहून नाशकात आले, प्रयोगशाळेतला आज पहिला दिवस. तिला ऐटीत समजावलं: बाटलीत रुथेनियम धातूचं केशरी औषध आहे. कॅन्सरच्या पेशींवर घालून एक प्लेट निळ्या दिव्याखाली ठेवायची, एक कपाटात. उजेडातल्या पेशी मरतात, अंधारातल्या जगतात. उजेड नसला की औषध म्हणजे नुसतं पाणी.
तिच्या गालात आतून गाठ आहे, मिश्रीची. डॉक्टर जबडा कापायचा म्हणतात. मग नागलीची भाकर चावायची कशानं, असं विचारून तीच हसली.

११ मार्च
अंधारातली प्लेटही मेली. प्रयोगशाळेचे सर तापले. कपाटामागे निरांजन सापडलं. झुंबरबाई रोज तिन्हीसांजेला त्या खोलीत दिवा लावते. सर म्हणाले, बाई, तुमच्या लक्ष्मीनं माझं वर्ष खाल्लं. वहीत लिहिलं: दिव्यामुळे बाद.
चूक माझी नव्हती. बरं वाटलं.

१८ मार्च
झुंबरबाईचा दीर वारला. कामाला येते, पण सुतक आहे, निरांजनाला हात लावत नाही. म्हणाली, "धा दिवस तुमचा अंधार तुमालाच." हल्ली तोंडाला पदर लावून असते. कमी बोलते.
नवी प्लेट कपाटात ठेवली.

२० मार्च
दोन दिवस कडेकोट अंधार. सगळ्या पेशी मेल्या.
सर म्हणाले, बाईनं चोरून लावला असेल. सुतकात ती लावणार नाही, मी म्हटलं. ते म्हणाले, दिवाच लिही, अहवाल जायचाय, तुझी नोकरी नवी आहे.
लिहिलं.

२१ मार्च
बाटली बोटभर रिकामी. मी वापरलेली नाही.
झुंबरबाईच्या बोटाला — मिश्रीच्या बोटाला — केशरी डाग.

२२ मार्च
पहिल्या आठवड्यापासून. तिन्हीसांजेला, दिवा शांत झाल्यावर. औषध गाठीला मिश्रीसारखं घासते. आत उजेड जाऊ नये म्हणून तोंड मिटून ठेवते. तुमीच सांगितलं ना ताई, क्यान्सरचं औषध हाय, अंधारात बाधत नाय, म्हणाली. दुखत नाय आता. लय गुण आला.
आ करायला लावलं. मोबाइलचा उजेड — ती मागे सरली, उजेड नको, उजेडानं इख व्हतं —
गाठ नव्हती. गालही —
आतून पदराची नक्षी दिसत होती.

२३ मार्च, सकाळ
तिच्या मुलीचा फोन आला. झुंबरबाई पहाटे गेली. तोंडात गंगेचं पाणी घातलं, ते गालातून उशीवर आलं.
सरांनी अहवाल पुढे केला. अंधारातल्या पेशी मरण्याचं कारण: सफाई कामगाराने लावलेला दिवा. खाली सही माझी हवी.
पेन घेतलं.
सही करू लागले: चैता—