पृथ्वीगोलाची खोळ

सोमवार, आठ तारीख

ठमीस आईचे आशीर्वाद. खुशाली नंतर विचारते. आधी हे सांग, लांब लांब म्हणून मला किती दिवस घाबरवणार आहेस? म्हणे, "आई, एवढा प्रवास तुला झेपायचा नाही." दिवसभर मशीनचं पायडल मारणाऱ्या बाईला नुसतं बसून राहणं झेपायचं नाही? फोनवर विचारलं की नेमका तेव्हाच तुझा आवाज तुटतो, म्हणून लिहितेय. शेजारीण याचा फोटो काढून तुला पाठवेल.

शाळेनं पृथ्वीगोलांना धूळ बसू नये म्हणून खोळी शिवायला दिल्यात. एक गोल माझ्या टेबलावरच आहे. त्याआधी मी भिंतीवरच्या नकाशावर टेप धरून पाहिली होती. तुझं गाव अख्ख्या समुद्रापलीकडे निघालं, मलाही लांबच वाटलं. मग गोलावर धरली, तर टेप समुद्रावर राहीचना. घसरत वर बर्फावर गेली आणि तिथून आखूड भरली. सपाट कापडावरचं माप अंगाला बसत नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते आणि स्वतःच फसले.

तशीच तिकीटवाल्याकडे गेले. तो म्हणाला, विमान खरंच त्या बर्फावरून जातं. जाताना सतरा तास, येताना पंधरा. वाट तीच, मग येताना काय उतार लागतो का? तर म्हणे वारा पाठीशी असतो. शिवाय सकाळी निघालं की तिथे त्याच दिवशी दुपारी उतरायचं. मधले तास कुठे जातात, ते त्यालाही धड सांगता येईना. तुला माहीत असेल तर लिही. वरून बर्फ दिसतो का, तेही.

बाळाला महिनाच राहिला ना? पाय सुजतात का गं?

परवा विहीणबाई दुकानात आल्या. सैल पायजमे हवेत म्हणाल्या, नाडी नको, इलॅस्टिक घाला. कुठे निघालात, असं मी विचारलंही नव्हतं. त्याच म्हणाल्या, "सुनेनं तिकीट पाठवलंय. तुम्हाला बोललीच असेल."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून निभावलं.

दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना त्यांचे गुडघे वाजतात, ठमे. त्यांनाही तेच सतरा तास लागणार ना?

मी फटकळ आहे, चौथीत शाळा सुटलेली आहे, तुझ्या तिकडच्या माणसांत काय बोलून बसेन याचा नेम नाही. तेच कारण असेल तर तेच लिही, मी काही मरत नाही. पण अंतराच्या आड लपू नकोस. अंतर मी मोजलंय.

विहीणबाईंचे पायजमे शुक्रवारी द्यायचेत. नीट शिवतेय, त्यांच्यावर राग नाही. त्याच ताग्यातून माझ्याही मापाचं कापड घेतलंय. खडूनं आखून ठेवलंय, कात्री लावलेली नाही. शुक्रवारी मी दुकान उघडायच्या आत कळव, कापू की घडी घालून ठेवू.

कात्री बाजूला ठेवून बसलेली,
तुझी आई