मी गाडीला नाही म्हणाले होते

भिंगार,
२४ एप्रिल

प्रिय दया,

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मैत्रिणीला कुणी पत्र लिहितं का, असं तुला वाटेल. शाळेत निबंधाला तुला जास्त मार्क पडायचे आणि पत्रलेखनाला मला. पण ती सगळी पत्रं खोटीच असायची. सहलीची परवानगी मागणारी, नाहीतर पुण्याच्या दुकानातून पुस्तकं मागवणारी. खरं पत्र मी आज पहिल्यांदाच लिहितेय. तुझ्यासमोर बसून बोलायचा प्रयत्न मी चार वेळा केला. चारही वेळा तू चहा ठेवलास, मी तो प्याले आणि घरी आले.

आज कंपनीत रजा टाकलीय. कामाचं म्हणशील तर सध्या मला कामच बरं वाटतं. नागापूरला बसमधून उतरायचं, टोपी घालायची, पट्ट्यावरून खोकी येतात ती चिकटपट्टीने बंद करायची. जानेवारीपासून माझ्या हातून एकही खोकं चुकलेलं नाही. सुपरवायझर ज्योती परवा म्हणाली, "सुरय्याताई, तुमचं लक्ष किती असतं हो कामात." मी हसले असेन. रडू मात्र येत नाही. घरात स्वयंपाक होतो, मीठ जास्त झालं की कमी ते कळत नाही, अजीज मुकाट्याने जेवतो. आमच्या आवेजच्या खांद्याचं हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता हात वर जायला हरकत नाही. तो नेत नाही.

तुला आठवतं, दहावीचा निकाल लागला तेव्हापासून त्याचं गाडीचं वेड सुरू झालं. काळी, दीडशे सीसीची. मोबाईल उघडला की तिचाच फोटो. बाजारात कुणाची तशी गाडी उभी दिसली की हा तिच्याभोवती एक चक्कर मारून यायचा, गिऱ्हाइकाने माल पारखावा तसा तिचा आरसा बोटाने पुसून बघायचा. त्याच्या बापाची, अजीजची, तयारी होती. "अठरा पूर्ण झाल्यावर घेऊन देऊ, सगळ्यांचीच पोरं चालवतात," म्हणाला. मी नाही म्हणाले. मनमाड रोडने मी रोज बसने जाते दया, खिडकीतून मला काय काय दिसतं ते कुणाला सांगत नाही. एकदा दुभाजकाजवळ नुसती एक चप्पल पडली होती, नवीन, अंगठ्याच्या जागी अजून ठसाही न उमटलेली. आठ दिवस ती तिथेच होती. आवेजने दोन दिवस जेवण सोडलं तेव्हाही मी बधले नाही. "मी मेल्यावर घे," म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले नाही. कुराणावर हात ठेवायला लावून त्याच्याकडून कबूल करून घेतलं की कुणाच्याही गाडीच्या हँडलला तो हात लावणार नाही. सोळा वर्षांचा होता तेव्हा. हात ठेवताना माझ्याकडे बघत नव्हता.

तू मात्र केविनला घेऊन दिलीस. तेव्हा मला तुझा राग आला होता, आज सांगते. जस्टिनभाऊ नको म्हणत होते, तूच त्यांचं मन वळवलंस. "पोरगं आयटीआयला रोज दोन रिक्षा बदलतं, आणि चोरून दुसऱ्याची चालवण्यापेक्षा सांगून स्वतःची चालवलेली बरी," हे तुझं म्हणणं. पण तू सगळं रीतीने केलंस. अठरा पूर्ण झाल्यावर, लायसन्स हातात आल्यावर गाडी. परीक्षेच्या दिवशी तू स्वतः शाळेतून अर्धी रजा काढून आरटीओच्या मैदानाबाहेर उभी राहिली होतीस. गाडी आली त्या संध्याकाळी केविन पेढे घेऊन आमच्या दारात आला. हेल्मेट काखेत, लायसन्स शर्टाच्या खिशात. मला म्हणाला, "मावशी, आवेजला मी शिकवू का? सावकाश शिकवीन, तुम्ही घाबरू नका." मी त्याच्यावर ओरडले. पेढा हातात तसाच होता. तो "बरं मावशी" म्हणून गेला. नंतर मला वाईट वाटलं, पण ईदला शिरखुर्मा प्यायला आला तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं. दोन वाट्या प्याला, तिसरी तुझ्यासाठी घेऊन गेला.

जानेवारीतल्या त्या रविवारचं तुला मी काय सांगणार. चर्च सुटल्यावर केविनने आवेजला नाक्यावरून घेतलं, दोघं चांदबिबी महालावर गेले, उतरताना वळणावर गाडी खडीवरून घसरली. केविन कडेच्या दगडावर पडला. एवढं सगळ्या भिंगारला माहीत आहे. पेपरमध्ये तीन ओळी आल्या, त्यात 'दुचाकीस्वाराने हेल्मेट घातले नव्हते' असं होतं. पोलिसांनीही तसंच लिहिलं, गाडी केविन चालवत होता, वेग आवरला नाही. त्यानंतर जो तो माझ्याकडे येऊन तेच बोलायचा. "तुम्ही चांगलं केलंत, पोराला गाडी दिली नाहीत." कंपनीत, दळणाच्या गिरणीत, अजीजच्या बहिणीकडे. आणि तुझ्याबद्दल काय बोलायचे ते तुझ्याही कानावर आलं असेलच. मी एकदाही कुणाला गप्प बस म्हणाले नाही. मान हलवायची आणि पुढे जायची. एकदा तर गिरणीवाल्या बन्सीला मी स्वतः म्हणाले, "हो ना, आईबापांनी थोडं कडक राहायलाच पाहिजे." पिठाचा डबा उचलला आणि घरी आले. तोंडातून ते वाक्य किती सहज गेलं.

जस्टिनभाऊ तुझ्याशी बोलत नाहीत हे तू मला फेब्रुवारीत सांगितलंस. ताट वाढलं की जेवतात, पण तुझ्या हातून पाण्याचा तांब्या घेत नाहीत, उठून स्वतः घेतात. चोवीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं म्हणालीस. आणि मग तू मला तो प्रश्न विचारलास. "केविन हेल्मेटशिवाय गल्लीतसुद्धा गाडी चालवत नव्हता गं. त्या दिवशीच कसं काय त्याने ते आवेजला दिलं?" मी म्हणाले, मित्रावर जीव होता. तू मान डोलावलीस. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारलंस. ईस्टरला कबरस्तानातून परत येताना गेटापाशी पुन्हा विचारलंस, जणू मागे कधी विचारलंच नव्हतं. मीही पुन्हा तेच उत्तर दिलं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी मी एकटी त्या वळणावर जाऊन आले. का गेले ते सांगता येत नाही. रिक्षा केली आणि गेले. घाटाच्या खाली गोजरबाई म्हणून एक म्हातारी पेरू विकायला बसते. तिच्याकडून किलोभर पेरू घेतले आणि उगाच विषय काढला. ती म्हणाली, "व्हय बाई, म्या बघितलं ना. वर जाताना दोघं लई हसत गेल्ती. येताना त्या वळनावर दिसली, पुढं हेल्मेटवालं पोरगं हुतं, मागचं उघड्या डोक्यानं. मागचंच गेलं बिचारं. मला कुनी इचारलं न्हाई, म्या कुनाला सांगितलं न्हाई." मी पैसे दिले आणि निघाले. पेरू आठ दिवस ओट्यावर पडून होते. घरभर वास सुटला तेव्हा अजीजने टाकून दिले.

आता तुला कळलं असेल. पण पत्र इथे ठेवू नकोस दया, पुढचं वाच.

गाडी आवेज चालवत होता. माझ्या शपथेनंतर पाच महिन्यांनी त्याने केविनकडून शिकायला सुरुवात केली होती, लष्कराच्या हद्दीपलीकडच्या मोकळ्या माळावर, दर रविवारी. केविनने त्याला आईला सांग म्हणून खूपदा समजावलं. हा म्हणायचा, अठरा झाल्यावर सांगतो. रस्त्यावर गाडी द्यायला केविन कधीच तयार नव्हता. त्या दिवशी वर महालापाशी आवेज हट्टालाच पेटला, घाट उतरेपर्यंतच दे, खाली गेल्यावर तू घे. शेवटी केविनने आपलं हेल्मेट काढून याच्या डोक्यावर चढवलं, पट्टा स्वतः लावला. "चालवणाऱ्याच्या डोक्यावर पाहिजे," म्हणाला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, तो त्याच्या बाजूनेच येत होता. आवेज घाबरला आणि त्याने पुढचा ब्रेक दाबला.

हे मला कधी कळलं ते आता सांगते. गोजरबाईकडून नव्हे. मी दवाखान्यात पोचले तेव्हा आवेज स्ट्रेचरवर होता. मला बघून त्याने पहिलं वाक्य हेच म्हटलं, "अम्मी, गाडी मी चालवत होतो. केविन कुठंय?" केविन शेजारच्याच खोलीत होता, त्याच्या तोंडावर चादर ओढलेली मी येताना दारातून बघितली होती. पॅसेजमधून हवालदार वही घेऊन येत होता. मी विचार केला असं म्हणता येणार नाही, विचार करायला वेळ लागतो. मी आवेजच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "केविन चालवत होता. तू मागे बसला होतास. बाकी काही आठवत नाही." मी पुन्हा म्हणाले. हवालदाराने विचारलं तेव्हा आवेजने ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यानंतर दहा मिनिटांनी तू आलीस. तुला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तू धावत येऊन मला मिठी मारलीस आणि विचारलंस, "आवेज बरा आहे ना?"

तेव्हापासून मला काही जाणवत नाही. तुझं दुःख मला दिसतं, समोर ठेवलेल्या वस्तूसारखं, पण त्याला हात लावता येत नाही. आवेजशी त्या दिवसापासून ह्या विषयावर एक शब्दही झाला नव्हता. बारावीच्या पेपरांना तो जाऊन बसला आणि कोरे कागद देऊन आला. मला ते वर्गशिक्षकांकडून कळलं. एका घरात आम्ही दोघं असे राहिलो.

गेल्या शनिवारी तू आलीस. केविनची गाडी तू दुरुस्त करून आणली होतीस, चावी माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, "आवेजला आता अठरा झाली ना. ही त्याला दे. अंगणात उभी असली की जस्टिन तिच्याकडे बघत बसतात, आणि विकायला माझं मन होत नाही. केविनला आवडलं असतं. तू आता नाही म्हणू नकोस सुरय्या, सावकाश चालवेल तो." आवेज आतल्या खोलीत होता. त्याने सगळं ऐकलं. तू गेल्यावर तो बाहेर आला आणि जमिनीवर बसला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा त्यावर बोलला. "अम्मी, पोलिसांना तुला नाही सांगायचं तर मी सांगतो. पण मावशीला तू सांग. तिला ते पोलिसांकडून कळायला नको." माझ्या मुलाने मला काही शिकवावं एवढी जागा मी त्याला कधी दिली नव्हती, तरी त्याने शिकवलं. काल अजीजला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "जस्टिनला मी कुठल्या तोंडाने भेटू?"

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी दहाला आवेज आणि मी पोलीस ठाण्यात जाऊन आपला जबाब बदलून देणार आहोत. तो त्याचं सांगेल, मी माझं. खोटं त्याचं नव्हतं, माझं होतं, हे मी लिहून देणार आहे. पुढे कायद्याने जे व्हायचं ते होईल, वकिलाला मी अजून विचारलेलं नाही. त्याआधी तुझ्या हातात हे पडायला हवं होतं. जस्टिनभाऊंना आज रात्री हे वाचून दाखव. तुझ्या म्हणण्याने घेतलेल्या गाडीने काहीच चुकीचं केलं नाही आणि त्यांच्या मुलानेही नाही. तो नियमाने चालला, नियमाने शिकवलं, आणि ज्याला जपायचं त्याला जपलं. चूक झाली ती माझ्या घरात, आणि ती झाकली ती मी. माफी मागत नाही, तेवढा हक्क मी ठेवलेला नाही. ठाण्याकडे जायला तुमच्या दारावरूनच रस्ता आहे, दुसरा नाही. आम्ही खाली मान घालून जाऊ. दार बंद असलं तरी मला समजेल.

इतकी वर्षं तुझीच म्हणवून घेतलेली,
सुरय्या