टीव्हीचा आवाज

१७ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. इकडे ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम संपत आलंय, थोड्या बाह्या लावायच्या राहिल्यात. मान धरते, पण ते नेहमीचंच.

अप्पांची खोली आवरली. टीव्ही शेजारच्या मास्तरांना देऊन टाकला. अप्पांचं ते प्राण्यांचं चॅनेल तुला आठवत असेल. दात घासायच्या आधी तेच लागायचं. हरणाला सांगायचे, "अरे बावळटा, मागे बघ की." आणि सिंहापेक्षा कॅमेरावाल्यावर त्यांचा राग जास्त. "हा नुसता बघत काय बसलाय? हाकल की त्याला." मी म्हणायचे, "अप्पा, त्यांनी मध्ये पडायचं नसतं. नियम आहे तसा." "मेला तो नियम," म्हणायचे.

तू लिहिलंयस, "टीव्हीच्या आवाजात तुला हाक ऐकू आली नाही, त्यात तुझा काय दोष?" पण हे तुला फोनवर मीच सांगितलं होतं. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. सगळ्यांना पटलं.

दादा, ऐकू आली होती.

दुपारचे तीन वाजले असतील. बर्फाळ समुद्राचा कार्यक्रम चालू होता, सीलची पिल्लं केकाटत होती. त्यात अप्पांनी हाक मारली. सकाळपासूनची विसावी असेल. उशी, पाणी, पंखा, पुन्हा उशी. दोनदा चादर बदलून झाली होती. मी मशीनवरून हलले नाही. म्हटलं, एवढी बाही होऊ दे.

दुसरी हाक आली तेव्हा उठले. उठून माझ्या खोलीचं दार लोटलं आणि परत मशीनवर बसले.

वीस-पंचवीस मिनिटांनी मी बघायला गेले, तर ते खुर्ची आणि भिंतीच्या मध्ये घसरलेले. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. अंग अजून गरम होतं. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. त्या एका वाक्याला धरून मी दोन महिने काढले.

आणि आता तू घर माझ्या नावावर करायचे कागद पाठवलेस. वर लिहिलंस, "अप्पांसाठी तू हाडाची काडं केलीस, घर तुझंच." कागद सही न करता सोबत परत पाठवतेय.

तू इथे नव्हतास म्हणून असं झालं, असं मी म्हणणार नाही. तू त्यांना न्यायला तयार होतास. मीच नको म्हटलं. चार लोक चांगलं म्हणत होते, ते मला आवडत होतं.

एक सांगायचं राहिलं. शेवटी शेवटी ते मला ओळखत नव्हते, तुला माहीत आहे. आठ महिने मी त्यांची "बाई" होते. "अहो बाई, पाणी द्या." त्या दिवशीची दुसरी हाक तशी नव्हती. त्यांनी माझं नाव घेतलं होतं. स्वच्छ, मी लहान असताना घ्यायचे तसं. ते नाव ऐकून मी दार लोटलं.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुला काय लिहावं, सुचत नाही.

तुझी बहीण