गटारीनंतरची अचानक तपासणी

१४ जुलै, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून कडक. कोंबड्यांचे प्लँट तपासायला लागून आठ वर्षं झाली, कारवाई एकावरही नाही. मी भिडस्त आहे का? की प्लँटच चांगले आहेत? प्रामाणिक उत्तर: माहीत नाही.

काल खालच्या मजल्यावरची अपेक्षा जिन्यात भेटली. खाडीपलीकडच्या प्लँटमध्ये पक्षी हुकात अडकवायचं काम करते. नियम असा की आधी करंट देऊन बेशुद्ध करायचं, मग सुरी, मग पिसं काढायला गरम पाणी. ती म्हणाली, दादा, बेल्ट इतका पळवतात की करंट नीट लागत नाही, सुरीपण चुकते, जिवंतच पाण्यात जातात, तडफडताना बघवत नाही. लिहूनही दिलं. वर म्हणाली, गटारीच्या आठवड्यात या, आणि प्लीज, कुणाला सांगू नका.
ठरलं. अचानक तपासणी.

१५ जुलै
एकच बाजू ऐकून जाणं न्यायाला धरून नाही. तक्रारीची प्रत खुलाशासाठी प्लँटच्या मॅनेजरला पाठवली. अपेक्षाचं नाव अर्थातच व्हाइटनरने खोडलं. 'हुकवर काम करणारी महिला' एवढंच ठेवलं. तेही काढलं असतं तर तक्रारीला वजन राहिलं नसतं.

१७ जुलै, गुरुवार
हुकवर महिला एकच आहे. आधी विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी विचारणे.

मॅनेजर सौमित्रचा फोन. म्हणाला, घाडी साहेब, प्लँट तुमचाच आहे, कधीही या, फक्त गटारीला नको, मरायलाही फुरसत नसते. मी ठणकावलं की अचानक तपासणीची तारीख विचारायची नसते. बरोबर आहे सर, म्हणाला, पण साधारण?
मी म्हटलं, एकोणतीस.
माझ्या मते यात गैर नाही. ऐन गर्दीत कुणाचं काम तपासणं म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांतलं अक्षर पाहून मुलाला मार्क देणं.

२० जुलै, रविवार
श्रावणाआधीचा शेवटचा रविवार. गटारी. लालबागला चिकनच्या रांगेत पाऊण तास. अभ्यास म्हणून. बायकोने, रुपालीने, कोंबडी-वडे केले. वाढताना म्हणाली, तुझ्या प्लँटमध्ये आज काय चाललं असेल रे? मी म्हटलं, जेवताना ऑफिस नको.
वडे सात.

२९ जुलै, मंगळवार
श्रावण लागून पाच दिवस. तपासणी केली.
अक्षरशः आदर्श. बेल्ट इतका संथ की प्रत्येक पक्ष्याकडे नीट पाहता आलं. तासाभरात चाळीस. सगळ्यांना करंट व्यवस्थित. गिऱ्हाईकच नाही सर, तुमच्यासाठी म्हणून लाइन चालू ठेवली, असं सौमित्र म्हणाला. माणूस नम्र आहे.

निघताना त्याने पाच किलोचा बॉक्स पुढे केला. साफ नाकारला. श्रावणात आमच्याकडे चालत नाही.

अपेक्षा हुकवर नव्हती. विचारलं. तिला पॅकिंगला हलवलं आहे. पॅकिंग श्रावणात बंद असतं.

५ ऑगस्ट
रिपोर्ट. 'क्रूरता नाही' असं मी लिहिणार नाही. 'क्रूरता आढळली नाही' हे खरं. त्याखाली टीप दिली: भेट श्रावणात झाली असल्याने गर्दीच्या दिवसांबद्दल मत देता येत नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये टिपेला जागा नाही. माझ्या वहीत आहे.

९ ऑगस्ट, शनिवार
अपेक्षा काळाचौकीच्या भाजीवाल्यापाशी भेटली. दादा, मला काढलं, म्हणाली. मी तिला प्रोसिजर समजावली. ऐकून घेतलं. मग म्हणाली, गटारीला का नाही आलात? मी म्हटलं, गर्दीच्या दिवशी तपासणं अन्यायाचं झालं असतं.
ती म्हणाली, हे कोंबड्यांना सांगितलंत का?
भाजीवाला हसला. भेंडी अर्धा किलो.

२१ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी
परळच्या ऑफिसात ऑर्डर आली. 'समाधानकारक अहवाल लक्षात घेता' प्लँटला बेल्ट आणखी पळवायची परवानगी. मिनिटाला साठऐवजी नव्वद. पुढची तपासणी तीन वर्षांनी. अहवालावर माझी सही.

आता मात्र बस. आजच फेरतपासणी मागतो.

संध्याकाळी ७.१५
नियम वाचला. फेरतपासणीसाठी प्लँटमधल्या सध्याच्या कर्मचाऱ्याची लेखी तक्रार लागते. प्लँटला फोन करून विचारलं. तिथे आता तक्रार करणारं कुणी नाही.

खाली गेलो. अपेक्षाने दार उघडलं. मी विचारलं, चार दिवसांसाठी का होईना, पुन्हा लागशील का तिथे?
तिने दार लावून घेतलं. हळूच लावलं, आपटलं नाही. हेही नोंदवून ठेवतो.