उसना रोगी

जाब्रिया, कुवेत
१० जानेवारी १९९९

चि. दत्तप्रसाद यास काशिनाथदादाचे अ. उ. आ.

विडी सुटेपर्यंत हर्नियाचं ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावल्याचं तुझ्या द्वारकेनं कळवलं. या वेळी उपदेश करत नाही. माझंच काम आहे. रोग्याची सिगारेट कशी सोडवावी, हे आमच्या दवाखान्यात नर्सना शिकवताहेत. सरावाला खोटा रोगी हवा होता. माझा खोकला ऐकून मला रेकॉर्डच्या खोलीतून उचललं. दिवसातली कोणती विडी सोडवत नाही, असं विचारलं, तर केव्हाच विडी सोडलेला मी चौथीतली कविता विसरल्यासारखा उभा. तुझी कोणती, ते लिही.

लोभ आहेच, उत्तर खरं असावं.
दादा

पावस
२५ जानेवारी

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

विडीवर तीस वर्षं तुमची पत्रं आली, प्रश्न पहिल्यांदाच आला. सुटत नाही ती सकाळची, गोठ्यातून आल्यावरची. जेवणानंतरची नुसती सवय. हे लिहिताना मलाच कळलं. द्वारका म्हणते, भावोजी रोगी शोभायचे नाहीत, मास्तर शोभतील.

आपला,
दत्तू

जाब्रिया
११ फेब्रुवारी

चि. दत्तूस आशीर्वाद.

तुझं उत्तर चालीवर पाठ म्हटलं. मध्येच अडलो, तरी माझ्यावर सराव करणारी खतिजा सिस्टर रागावली नाही. रोगी बोलेपर्यंत थांबायचं, असंच त्यांना शिकवलंय. मग तिनं हिंदीत विचारलं, जेवणानंतर विडीऐवजी काय चालेल? आणि पहिली विडी कुठली? मला शाळेमागचं सुरंगीचं झाड आठवलं, त्याच्याखाली आपण कविता घोकायचो. उत्तर मात्र तुझ्याकडे.

माया राहू दे.
दादा

पावस
१४ मार्च

ती. दादांस शि. सा. न.

पहिली विडी तुमची. तुम्ही कुवेतला निघालात, तेव्हा खुंटीवरच्या शर्टात बंडल राहिलं होतं. तुम्ही तिकडे सोडलीत, मी इकडे ओढत राहिलो. रागानं लिहीत नाही, विचारलंत म्हणून.

जेवणानंतर बडीशेप चालते. सकाळच्या विडीनं मात्र रडवलं. ती सोडून आज एकोणीस दिवस झाले. ऑपरेशन बारा एप्रिलला ठरलंय. सिस्टरना सांगा, दुसरा रोगी बघा. माझ्याकडची उत्तरं संपली.

आपला,
दत्तू

जाब्रिया
२५ मार्च

चि. दत्तूस आशीर्वाद.

आज पुन्हा वर्ग होता. पहिल्या विडीचं खतिजा सिस्टरनं परत विचारलं. तुझं पत्र खिशात होतं, ते काढलं नाही. शर्ट माझा होता, एवढंच म्हणालो. ती शिकवल्याप्रमाणे थांबली. मग मलाच बोलावं लागलं.

रजा मिळाली आहे. दहा एप्रिलला पोचतो. द्वारकेला सांग, बडीशेप दोघांपुरती भाजून ठेव.

तुझा,
दादा